वेताळ, काळापहाड आणि आपलीं मुलें

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें आणि कोणतें देऊं नये हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत वारंवार निघतो. आणि तें पुस्तक भयंकर व गूढ कथांच्या एखाद्या मालेंतलें असलें म्हणजे तर घरांतील वडील मंडळींचें एकमत होणें दुर्मिळच. आई म्हणते, मूल रात्रीं दचकून उठतें. आजोबा म्हणतात, भुताच्या गोष्टी ऐकूनच आमची पिढी वाढली, तिचें काय बिघडलें? आणि ज्याच्याविषयीं हा वाद चालतो तो अकरा-बारा वर्षांचा वाचक एव्हांना पांघरुणाखालीं पुढचें प्रकरण वाचीत असतो. शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे, घोड व भीमा यांच्या कांठचे तालुके. तेथील घरांतही आज जुन्या मराठी रहस्यकथा, भाषांतरित इंग्रजी माला आणि मोबाइलवरील भयकथा एकदमच येऊन पोंचल्या आहेत, आणि हा वाद तेथेंही शहरांतल्याइतकाच खरा आहे. त्याचा निवाडा ज्याच्या त्याच्या लहरीवर न सोडतां, आपल्याच लोकांत आणि आपल्याच भाषेंत अशा कथांचा इतिहास काय सांगतो तें आधीं पाहावें, असें आम्हांस वाटतें.

छापील पुस्तक घरांत येण्यापूर्वीं भय घरांत होतेंच. पिंपळावर मुंजा, डोहांत गिऱ्हा, पडक्या विहिरीजवळ हडळ, आणि अंधाऱ्या रात्रीं वाट चुकविणारा चकवा, ही मंडळी देशावरील गांवांच्या वस्तीइतकीच जुनी. या भुतांचें एक लक्षण ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यांतील प्रत्येकास ठावठिकाणा असे, वेळ असे, आणि बहुधा कारणही असे. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीपूर्वींच वारलेला मुलगा. तो पिंपळ सोडून स्वयंपाकघरांत येत नसे. नदीकांठच्या आईनें गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली, तर मुलानें पावसाळ्यांत एकट्यानें डोहाकडे जाऊं नये एवढाच तिचा मतलब. अशा रीतीनें भयास कुंपण होतें. पिंपळ मागें पडला, दिवस उजाडला, कीं तें सरलें. शिवाय गोष्ट सांगणारें माणूस ओळखीचें असे, आणि ऐकणारीं मुलें एकमेकांस खेटून बसलेलीं असत. भय पुष्कळ होतें. परंतु मूल त्यांत एकटें नव्हतें.

खुद्द शिरूरांत या गोष्टीचा एक विलक्षण दाखला नोंदलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांची एक मोठी छावणी घोडनदीच्या कांठीं शिरूरास होती. १८०३ च्या असईच्या लढाईंत लढलेला कर्नल विल्यम वॉलेस हा सेनाधिकारी १८०९ मध्यें तेथें वारला व तेथेंच पुरला गेला. परका मनुष्य, घरादारापासून हजारों कोस दूर आलेला मृत्यु. लोकसमजुतीच्या हिशेबानें याचें भूतच व्हावयाचें. पण झालें निराळें. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत अशी नोंद आहे कीं, शिरूरचे व आसपासच्या खेड्यांचे लोक या कर्नलास सत्पुरुष म्हणून ओळखीत, त्याच्या थडग्यास नवस बोलत, आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य तेथें नेऊन ठेवीत. पाऊणशें वर्षांत एका परकीय शिपायाचा पिशाचयोनीशीं जडूं शकणारा संबंध जाऊन, गांवाच्या पहिल्या धान्यांत त्याचा वांटा ठरला होता. श्रद्धेचा प्रश्न येथें आम्ही बाजूस ठेवितों. आम्हांस दाखवावयाचें तें इतकेंच, कीं अपरिचित मृताविषयींची धास्ती मनांत जशीच्या तशी साठवून ठेवण्याऐवजीं तिच्याशीं कांहीं व्यवहार करावा, तिला नांव द्यावें, तिचा शेवट लावावा, ही लोकांची स्वाभाविक धडपड आहे. गोष्टही हेंच काम करिते, किंवा तिनें तें करावयास हवें.

आतां छापील ग्रंथांकडे वळूं. मराठींत मुलांसाठीं पुस्तकें छापण्याची सुरुवात ज्यांनीं केली त्यांत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें नांव अग्रभागीं आहे. १८२८ मध्यें त्यांचीं 'बाळमित्र' आणि 'इसापनीति' हीं पुस्तकें निघालीं, आणि १८३० मध्यें त्यांचीच 'वेताळपंचविशी' बाहेर पडली. हा योग पुष्कळ बोलका आहे. ज्या हातानें मुलांपुढें सुबोध नीतिकथा ठेविल्या, त्याच हातानें मध्यरात्रीचें स्मशान, झाडास लोंबणारें प्रेत आणि तें खांद्यावर घेऊन चालणारा राजा हेंही मराठी वाचकांपुढें ठेविलें. नीति एकीकडे आणि भय दुसरीकडे अशी फाळणी आपल्या छापील गद्याच्या जन्मकाळीं झालेली नव्हती.

मग वेताळाच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या मुलांस कशा मानवल्या? आमच्या मतें त्याचें कारण त्या कथेच्या घडणींत आहे. वेताळ राजास केवळ भिववीत नाहीं. तो त्यास प्रत्येक कथेच्या शेवटीं एक प्रश्न विचारतो. तिघांपैकीं खरा उदार कोण? अपराध कोणाचा? उत्तर ठाऊक असून न बोललास तर मस्तकाचीं शकलें होतील, आणि बोललास तर मी पुन्हां झाडावर! ऐकणारें मूल राजाच्या अगोदर उत्तर शोधूं लागतें, आणि शोधतांना स्मशान विसरतें. भयानें ताणलेलें चित्त येथें विवेकाच्या कामास जुंपलें जातें. मूळ पंचविशींतल्या सगळ्याच कथा मुलांपुढें जशाच्या तशा ठेवण्यासारख्या नाहींत. व्यभिचाराच्या व क्रौर्याच्या कथा तींत आहेत. म्हणून सांगणारे निवड करीत आले. १९५२ मध्यें मराठींत सुरू झालेल्या 'चांदोबा' मासिकानें विक्रम-वेताळाची चौकट मुलांसाठीं उचलली, तेव्हां राजा, प्रेत आणि प्रश्न हीं कायम ठेवून आंतल्या गोष्टी मुलांच्या बेताच्या दिल्या. चौकट तीच, निवड निराळी. योग्यायोग्यतेचा विचार कसा करावा याचा हा चांगला धडा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भयाचें स्थान पालटलें. गोविंद नारायण दातार यांनीं रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधारें 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा' अशा कादंबऱ्या लिहिल्या. गुप्त वाटा, भुयारें, वेषांतरें यांनीं तरुण वाचकांस झपाटलें. पुढें बाबुराव अर्नाळकर आले. १९०६ मध्यें जन्मलेल्या आणि १९९६ मध्यें वारलेल्या या लेखकानें हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय हीं नांवें ज्या घरांत उच्चारलीं गेलीं नाहींत असें मराठी घर त्या काळीं विरळा. दौंडावरून १८५८ पासून आगगाडी जाते, आणि १८७८ मध्यें मनमाडचा मार्ग तेथें येऊन मिळाल्यापासून तें जंक्शन झालें. अशा ठिकाणीं गाडी बदलतांना तासन्‌तास काढावे लागत, आणि आंखूड, स्वस्त, एका बैठकींत संपणारी रहस्यकथा ही त्या तासांसाठींच जणूं घडविलेली होती.

अर्नाळकरांच्या कथांवर वडील माणसांचा रोष होता. मुलें अभ्यास सोडून तीं पुस्तकें वाचतात, हा आक्षेप खराच होता. पण तो वेळेविषयींचा आक्षेप होता, भयाविषयींचा नव्हे. भयाच्या दृष्टीनें पाहिल्यास रहस्यकथेनें एक महत्त्वाचा फरक केला. तिच्यांत जें अक्राळविक्राळ वाटतें तें शेवटच्या प्रकरणांत बहुधा माणूसच निघतें. बुरखा फाटतो, आंत लोभी चुलता किंवा भामटा व्यवस्थापक सांपडतो, आणि वाचणारें मूल निश्चिंत होऊन झोपतें. खरा विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच होता. झुंजार आणि काळापहाड हे कायद्याच्या चाकोरीबाहेर राहून दुष्टांचें पारिपत्य करणारे नायक. ज्याचा हेतु चांगला त्यास न्यायालयाची गरज नाहीं, ही शिकवण बारा वर्षांच्या मुलास भुतापेक्षां अधिक दूरवर नेऊं शकते. पण या गोष्टीविषयीं घरांत क्वचितच बोलणें होई. सारा राग मुखपृष्ठावरील पिस्तुलावर निघे.

मुखपृष्ठ पाहून निवाडा करण्याची ही खोड आपल्यापुरतीच नाहीं. १९५४ मध्यें अमेरिकेंत मुलांच्या चित्रकथांविरुद्ध मोठी ओरड झाली, आणि प्रकाशकांनीं स्वतःवर एक नियमावलि लादून घेतली. तिनें नांवांत 'भय' व 'दहशत' या अर्थाचे शब्द वर्ज्य केले. चालतीं प्रेतें, रक्तपिपासु पिशाचें, नरवृक हेही निषिद्ध ठरले. या नियमावलीपुढें आपला वेताळ एक क्षणही टिकला नसता. खांद्यावरचें बोलतें प्रेत पाहतांच तो बाद झाला असता, मग त्यानें प्रश्न कितीही शहाणपणाचे विचारलेले असोत. उलट, जिच्यांत एकही भूत नाहीं पण दुबळ्याचा छळ हंसण्यावारी नेला आहे, अशी गोष्ट या यादीच्या आधारें बिनदिक्कत पुढें गेली असती. प्राण्यांची व पिशाचांची यादी करून पुस्तकांची पारख होत नाहीं, इतकें या उदाहरणावरून दिसून येतें. आणि मुलांची ओढ मेलीही नाहीं. १९९२ मध्यें त्याच देशांत आर. एल. स्टाइन यांची 'गूजबम्प्स' ही माला मुलांच्याच वयासाठीं म्हणून निघाली आणि जगभर पसरली.

आपल्याकडे या वयाची नाडी ज्यांस सांपडली त्यांत भा. रा. भागवत हे प्रमुख होत. १९१० मध्यें जन्मलेल्या आणि २००१ मध्यें दिवंगत झालेल्या भागवतांनीं पुण्याजवळच्या फुरसुंगीचा बनेश फेणे निर्माण केला; तोच 'फास्टर फेणे'. शिरूर-दौंडच्या मुलास हा नायक परका नाहीं. गांवांतून पुण्यास शिकावयास आलेला, काडीसारखा, सायकलवर स्वार झालेला मुलगा त्यानें आपल्याच आळींत पाहिलेला असतो. त्याच्यावर संकटें येतात तीं खरीं वाटावींत अशीं. चोर, अपहरण, अंधारी जागा, सारें आहे. परंतु संकटाच्या मध्यभागीं एक मूल उभें असतें, आणि तें कांहींतरी करीत असतें. भय वाटणें ही लाजेची गोष्ट नव्हे, आणि भय वाटत असतांनाही हात-पाय व डोकें चालवितां येतें, हें मुलाला उपदेशावांचून कळतें.

याच्या पलीकडे नारायण धारपांचा प्रांत लागतो. धारप १९२५ मध्यें जन्मले आणि २००८ मध्यें वारले. त्यांच्या भयकथा प्रौढ वाचकांसाठीं आहेत, हें प्रथम स्पष्ट सांगितलें पाहिजे. तरी घरांतील कपाटास वयाची मर्यादा नसल्यामुळें त्या कित्येक मुलांनीं तेराव्या-चौदाव्या वर्षींच वाचल्या. त्यांतही एकच माप लागू होत नाहीं. ज्या कथांत 'समर्थ' हें पात्र येतें, त्यांत अघोर शक्तीस तोडीस तोड विरोध करणारा कोणी आहे, हा धीर वाचकास असतो. पण स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट' या कादंबरीवरून घेतलेल्या 'लुचाई'सारख्या कृतींत सबंध वस्तीच हळूहळू ग्रासली जाते; शेजारी, ओळखीचीं माणसें, कोणीच विश्वासाचें उरत नाहीं. येथें कुंपण मोडलें. मुंजा पिंपळ सोडून घरांत आला. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकास हें पेलतें. दहा वर्षांच्या मुलाचें सारें जगच घर आणि शेजार एवढें असतें, म्हणून त्यास तें पेलत नाहीं.

हा भेद ज्यास पूर्ण ठाऊक होता अशा एका लेखकाचें उदाहरण आमच्या मतास फारच पोषक आहे. रत्नाकर मतकरी हे १९३८ मध्यें जन्मले आणि २०२० मध्यें वारले. मोठ्यांसाठीं त्यांनीं ज्या गूढकथा लिहिल्या, त्यांतील भीति माणसाच्या मनांतून आणि राहत्या घरांतून उगवते, आणि पुष्कळदां शेवटीं तशीच राहते. याच लेखकानें १९६२ पासून मुलांची रंगभूमि उभारली. 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' हीं त्यांचीं बालनाट्यें. पैकीं दुसऱ्यांतली चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनीं गाजविली. मुलें तिला पाहून किंचाळत आणि लगेच हंसत. मतकरींनीं मुलांसाठीं भय वगळलें नाहीं. त्यास उजेडांत, शंभर मुलांच्या सोबतीनें, आणि पराभव ठरलेला अशा रूपांत आणलें. एकच लेखणी, दोन वाचक, दोन मापें.

येथवर आपण भय किती, आणि तें संपतें कसें, यांचा विचार केला. तिसरा प्रश्न बहुतेक पालक विचारीतच नाहींत, आणि आमच्या मतें तोच सर्वांत गंभीर आहे: ही गोष्ट मुलाला कोणाची भीति बाळगावयास शिकविते? या बाबतींत जुन्या लोककथाही निर्दोष नाहींत. बाळंतपणांत दगावलेली बाई हडळ होते, ही समजूत पाहा. जिच्यासाठीं डोळ्यांत पाणी यावें ती अभागी स्त्री, आणि तिचेंच आपण बागुलबुवा केलें. अशा गोष्टींचा परिणाम गोष्टींतच राहत नाहीं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांवर करणीचा संशय घेऊन त्यांचा छळ होतो. असले अघोरी प्रकार रोखण्यासाठीं महाराष्ट्रास २०१३ मध्यें जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तोही नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यांत खून झाल्यानंतरच. तसेंच, १८७१ च्या कायद्यानें या देशांतील कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्यें तो कायदा रद्द झाला, परंतु शिक्का पुसला गेला नाहीं. शिरूर-दौंडच्या माळांवर पारध्यांचीं पालें आहेत, आणि तेथील मुलें याच शाळांत आपल्या मुलांच्या शेजारीं बसतात. ज्या मालेंत खलनायक दरवेळीं पालांत राहणारा, काळासांवळा किंवा अन्य धर्माचा असतो, ती माला कितीही रंजक असो, तिच्यांत भूत असो वा नसो, ती आपल्या मुलाच्या मनांत असें भय घालते कीं जें दिवस उजाडल्यानें जात नाहीं. तें वर्गांत त्याच्याबरोबर जातें.

चित्रपटांस आपल्या देशांत वयाचें प्रमाणपत्र असतें. २०२४ च्या नियमांनीं तर पालकांच्या मार्गदर्शनानें पाहावयाच्या चित्रपटांचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले. पुस्तकांस असें कोणी प्रमाणपत्र देत नाहीं, आणि तें काम घरानेंच करावयाचें आहे. यासाठीं वरील इतिहासांतून निघणारीं मापें आम्ही थोडक्यांत मांडतों. भयास ठावठिकाणा आणि शेवट आहे काय, हें पहिलें. मुलास त्या गोष्टींत करण्यासारखें किंवा ठरविण्यासारखें कांहीं आहे काय, कीं तें केवळ थरथरत बसणार आहे, हें दुसरें. आणि भीति कोणाची, हें तिसरें. नऊ-दहा वर्षांच्या वाचकासाठीं तिन्हींचें उत्तर चोख असावें. तेराव्या-चौदाव्या वर्षीं पहिल्या मापांत सवलत द्यावी. या वयास थोडें अनुत्तरित राहिलेलें आवडतें, आणि तें त्यास पचतेंही. तिसऱ्या मापांत मात्र कोणत्याच वयास सवलत देऊं नये.

मालेच्या बाबतींत आणखी एक खबरदारी हवी. पहिलें पुस्तक वाचून सबंध मालेस परवानगी देऊं नये. वाचक टिकवून धरण्यासाठीं पुढच्या पुढच्या भागांत भय चढवीत नेण्याकडे लेखकांचा कल असतो. म्हणून एक आरंभींचा, एक मधला आणि एक शेवटचा असे तीन भाग पालकानें स्वतः चाळावे. पुस्तक नाकारावयाचें झाल्यास त्याचें कारण मुलास सांगावें, आणि 'तुला हें दोन वर्षांनीं देऊं' असें म्हणून तो शब्द पाळावा. ज्या मुलास नुसती बंदी मिळते तें पुस्तक वाचतेंच, पण चोरून वाचतें. आणि मग दचकल्यावर सांगावयास त्याला कोणी उरत नाहीं. कांहीं मुलें चौदाव्या वर्षींही भित्रीं असतात. त्यांस हिणवूं नये आणि पुस्तक मध्येंच खालीं ठेवण्याची मुभा द्यावी.

राहिली आजोबांची गोष्ट. त्यांच्या पिढीचें भुताच्या गोष्टींनीं बिघडलें नाहीं हें ते म्हणतात तें खरें. पण त्या गोष्टी सांगावयास त्यांच्याजवळ कोणी तरी बसलेलें होतें, हें ते सांगावयाचें विसरतात. तेव्हां आमची सूचना इतकीच कीं, या वादांत त्यांनीं केवळ मत देऊन थांबूं नये. रात्रीच्या जेवणानंतर नातवाच्या मालेंतलें एक प्रकरण त्यांनीं मोठ्यानें वाचावें, आणि कोणाचें चुकलें, कोणाचें बरोबर, हें वेताळाप्रमाणें त्याला विचारावें. पुस्तक देण्याजोगें आहे कीं नाहीं, तें दोन-तीन रात्रींत दोघांसही कळून येईल.